पेटी उघडण्यापूर्वी : आमच्या गावच्या नाट्य मंडळास व पट समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सभासद, नाट्य मंडळ आणि शंकरपट समिती,
तसेच वडसा येथील नाटक कंपन्यांचे सर्व संचालक यांस

सप्रेम नमस्कार.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपले नट व जादूगार भाऊ गेले आणि यंदाच्या पटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्रीचे नाटक त्यांच्या स्मृतीस वाहण्याचा ठराव आपण दिवाळीपूर्वीच केला, याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार मानतो. आपल्याकडे नट गेला की हंगामापुरती हळहळ होते आणि पुढच्या भाऊबीजेला त्याच्या जागी दुसरे नाव छापून येते. अशा या झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातील, एका गावाने खलनायकाची कामे करणाऱ्या माणसासाठी आख्खी रात्र राखून ठेवावी, ही लहान गोष्ट नाही. तथापि गेल्या आठवड्यात हँडबिलाचा जो कच्चा नमुना मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आला, तो पाहून मला हे पत्र लिहिणे भाग पडत आहे. त्यात भाऊंच्या छायाचित्रामागे कवटी आहे, खाली टाचण्या टोचलेले लिंबू आहे, नावाआधी ‘तंत्रमंत्राचा बादशहा’ असे बिरुद आहे आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘भाऊंच्या जादूच्या पेटीचे रहस्य रंगमंचावर प्रथमच उघड होणार’ अशी घोषणा आहे. बिरुदालाही माझी हरकत आहे आणि घोषणेलाही. हे हँडबिल ब्रह्मपुरी, नागभीड, लाखांदूर आणि आरमोरी या चारही तालुक्यांत वाटले जाणार असल्याने हरकत बंद लिफाफ्यात न पाठवता उघडपणे मांडत आहे.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना माझी ओळख सांगायला नको. नव्यांसाठी एवढेच की मी या गावी शिक्षक म्हणून आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात विंगेत उभा राहिलो, कारण हस्तलिखित वाचता येणारा व रात्रभर जागू शकणारा माणूस तेव्हा हवा होता. पुढे सत्तावीस हंगाम मी प्रॉम्प्टिंग केले. झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, आज या गावी एक तर उद्या दुसऱ्या गावी दुसरेच नाटक असते आणि तालमीला वेळ जवळजवळ नसतोच, हे आपण जाणता. अशा वेळी प्रॉम्प्टरचा आवाज हाच नटाचा आधार असतो. प्रेक्षकांनी भाऊ समोरून पाहिले. मी ते बाजूने, हातभर अंतरावरून पाहिले, आणि त्यांच्या जादूविषयी जे लिहीत आहे ते त्या जागेवरून दिसलेले आहे.

भाऊंना जादूचा नाद होता, असे सर्वजण म्हणतात. तो नाद नटाच्या कामाला जोडलेला नसून त्याच्या मुळाशीच होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आले. त्यांचा जुलमी मालगुजार दुसऱ्या अंकात गरीब कुळासमोर एक रुपयाचे नाणे बोटांच्या पेरांवरून फिरवीत असे; नाणे करंगळीपाशी जाऊन नाहीसे होई आणि कुळाच्या पागोट्यातून निघे. लोक त्याला मालगुजाराचा माज समजत, आणि तो तसा दिसतही असे. प्रत्यक्षात पुढचे वाक्य आठवले नाही की भाऊंचा हात खिशाकडे जाई. नाणे फिरत असेपर्यंत हजार-दीड हजार लोकांचे डोळे त्या हातावर खिळत, तेवढ्यात मी वाक्य सांगून टाकी आणि भाऊ ते असे उच्चारीत की जणू नाण्याचा खेळ त्या वाक्यासाठीच रचला होता. आपण जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतो, हा हातचलाखीतला पहिला धडा त्यांनी अभिनयात आणला. समोरचा नट बोलत असेल तेव्हा भाऊ त्याच्या तोंडाकडे इतक्या एकाग्रतेने पाहत की लोकांनाही त्याच्याकडेच पाहावे लागे. नवख्या पोरांची कामे भाऊंच्या शेजारी चांगली का होतात, याचे कोडे कंपनीच्या मालकांना कधी उलगडले नाही.

पहिला अंक संपला की त्यांचा खरा प्रवेश असे. मधल्या वेळात आता लावणी आणि रेकॉर्डवरचे नृत्य असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हाही लावणी असेच. पण तिच्या आधी पंधरा मिनिटे भाऊंची असत. पडद्यासमोर येऊन ते सर्वांदेखत मिशी उतरवीत, घडी करून खिशात ठेवीत आणि म्हणत, “आता मालगुजार गेला जी. आता मी आहो. इथून पुढं जे दाखवीन ते सारं खोटं, अन् तिकिटात धरलेलं.” फ्रान्सचा एकोणिसाव्या शतकातील विख्यात जादूगार रॉबर्ट-हूदाँ म्हणून गेला की जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट होय. भाऊंनी हे वाक्य वाचलेले नव्हते, मी ते बऱ्याच उशिरा वाचून त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे माह्या दोन्ही नोकऱ्या एकच झाल्या.”

ही विद्या त्यांना कोणी मांडी घालून शिकवली नाही. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या गारुड्याच्या वाटी-गोळीच्या खेळापुढे ते लहानपणी बसून राहत, आणि विशीत असताना नागभीडहून छोट्या गाडीने नागपूरला जाऊन त्यांनी जादूगार रघुवीर यांचा प्रयोग पाहिला. रघुवीर भोपळे हे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याचे, म्हणजे खेड्यातूनच आलेले. १९८४ साली ते गेले, तेव्हा भाऊंनी नाटकाच्या आधी रंगमंचावर त्यांचा फोटो ठेवून हार घातला होता. प्रेक्षकांतील निम्म्या लोकांनी तो एखाद्या पुढाऱ्याचा फोटो समजून नमस्कार केला. प्रयोगातले सर्वांत काय आवडले, असे मी विचारले असता त्यांनी एकही खेळ सांगितला नाही. “मराठीत बोलत होते जी,” एवढेच म्हणाले.

आपल्या रंगमंचावर जादू करणे किती अवघड आहे, हे समितीतील तरुणांना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. समोर माती खणून खड्डा करायचा, ती माती मागे टाकून रंगमंच उंच करायचा आणि लोकांनी खड्ड्यात बसायचे, ही आपली जुनी पद्धत जादूगाराला सोयीची होती, कारण खाली बसलेल्याला मेजाचा वरचा भाग दिसत नाही. गॅसबत्तीचा उजेडही सोयीचा होता. पुढे हॅलोजन आले, खड्डा जाऊन खुर्च्या आल्या आणि लपवण्याच्या जागा कमी झाल्या. पण भाऊंना खरी धास्ती असे ती मंडपाबाहेरच्या झाडांवर चढून फुकट नाटक पाहणाऱ्या पोरांची. समोरून, बाजूने कोणी कितीही निरखले तरी त्याचा बंदोबस्त करता येतो, वरून पाहणाऱ्याचा करता येत नाही. म्हणून गावात पोचताच सीन-सिनेरी उतरण्याआधी भाऊ मंडपाभोवती एक चक्कर मारून मोहाची व चिंचेची झाडे मोजत आणि त्याप्रमाणे मेजाची जागा ठरवीत. ज्या गावी झाड फारच जवळ असे, तेथे पेटीचा खेळ न करता तांब्याच्या लोट्याचा करीत. रिकामा केलेला लोटा पुन्हापुन्हा भरून येतो तो हा खेळ. साऱ्या जगात तो हिंदुस्थानचे पाणी या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखला जातो, आणि आपल्याकडे मात्र ‘भाऊचा लोटा’ म्हणून.

आता बिरुदाविषयी. तंत्र, मंत्र, कवटी, लिंबू यांपैकी कशालाही भाऊंनी आयुष्यभर रंगमंचावर जागा दिली नाही, आणि त्यामागे कारण होते. मी गावात नवीन असताना एका घरच्या लेकराचा ताप उतरेना म्हणून बाहेरगावच्या एका मांत्रिकाला आणले गेले. त्याने सर्वांसमोर लिंबू कापले, त्यातून रक्तासारखा लाल रस निघाला आणि करणी याच दिशेने झाली असे सांगत त्याने एका विधवा बाईच्या घराकडे बोट दाखवले. त्या रात्री तिच्या दारापुढे जमाव उभा होता. आजच्या मंडळातील काहींचे वडील त्या जमावात होते, मी नावे घेणार नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी बाजारातून शेरभर लिंबे व परसातली जास्वंदीची फुले घेऊन मारुतीच्या पारावर बसले. सुरीच्या पात्याला फूल चोळायचे, पाते वाळू द्यायचे आणि लिंबू कापायचे. प्रत्येक लिंबू लाल. मग त्यांनी सुरी पोरांच्या हाती दिली, त्यांनी कापलेलेही लाल. जास्वंदीतील रंग आंबट रसात लाल होतो, हे मी शाळेत लिटमस कागदाऐवजी जास्वंदीचा कागद करून दरवर्षी दाखवीत होतो. पण ते फळ्यावरचे विज्ञान पारापर्यंत नेण्याचे मला सुचले नव्हते, याची लाज मला आजही वाटते.

त्या वेळी पारावर कोणीतरी म्हणाले की मग भाऊ, तुमच्या पेटीचे आणि लोट्याचेही आज सांगूनच टाका. भाऊंचे उत्तर मला शब्दशः आठवते : “जो खरं म्हणून दाखवते, त्याचं उघडं पाडाव. मी खोटं म्हणूनच दाखवतो, माह्यं झाकलेलं राहू द्या.”

हे केवळ जुन्या काळचे प्रकरण आहे असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, भानामतीच्या संशयावरून वृद्धांना आणि स्त्रियांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला असून त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या मुलखात ‘जादू’ या एका शब्दावरून माणसे मार खातात, तेथे रंगमंचावरची जादू आणि करणी यांतली रेघ दर रात्री मिशी उतरवून पुसट होऊ न देणारा नट आपल्याला लाभला होता. त्याच्याच फोटोमागे कवटी छापणे म्हणजे त्याला मांत्रिकाच्या शेजारी नेऊन बसवणे होय. छापखान्याने तयार चित्रांतून ती कवटी उचलली असेल, कोणाचा वाईट हेतू नसेल, हे मला मान्य आहे. परंतु चारही तालुक्यांतील लोक हेतू वाचणार नाहीत, हँडबिल वाचतील. ‘नट व जादूगार’ एवढे दोन शब्द पुरेसे आहेत. सजावट हवीच असेल तर एक लोटा काढावा.

पेटीच्या घोषणेविषयी माझे म्हणणे जरा लांबणार आहे. (आपल्याकडे पेटी म्हटले की आधी हार्मोनियम डोळ्यांपुढे येते, त्यामुळे नव्या हमालांची नेहमी फसगत होई. कंपनीत दोन पेट्या होत्या, एक गाणारी आणि एक कापणारी.) कापणाऱ्या पेटीत बाईला निजवून मधोमध करवत चालवायची, हा खेळ लंडनमध्ये पी. टी. सेलबिट या जादूगाराने १९२१ च्या जानेवारीत प्रथम लोकांसमोर केला. बंगालचे पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात यांत्रिक करवतीने एका मुलीला कापले. ती पुन्हा उठून बसण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली, निवेदकाने निरोप घेतला आणि मुलगी खरोखरच मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी बीबीसीच्या लाइनी तुंबल्या. शिकलेसवरलेले लंडन एका रात्रीपुरते फसले, त्या मानाने आपल्या खेड्यातील प्रेक्षक अधिक शहाणा म्हणावा लागेल. भाऊ करवत चालवीत तेव्हा बाया तोंडाला पदर लावीत, पण कोणी धावून रंगमंचावर आले नाही, कारण मिशी उतरलेली सर्वांनी पाहिली होती.

ते भोळेपण नव्हते. तो एक करार होता. मी खोटे दाखवणार, तुम्ही ते खोटे आहे हे जाणून पाहणार, आणि कसे केले हे मी सांगणार नाही. मंडळ आता भाऊंच्या पश्चात तो करार एका बाजूने मोडू पाहत आहे. मांत्रिकाचे लिंबू उघडे करणे आवश्यक होते, कारण तेथे करार नव्हता, फसवणूक होती. तो न्याय पेटीला लावता येत नाही. नाटकाच्या शेवटी मेलेला नायक उठून पडद्यामागे चहा पितो, हेही रहस्य सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आपण पडदा वर करून त्याला चहा पिताना दाखवतो काय?

नटाने जादूसारख्या पोरखेळात पडू नये, असे टोमणे भाऊंना आपल्याच लोकांकडून ऐकावे लागले, म्हणून एक उदाहरण येथे सांगतो. ऑर्सन वेल्स हा अमेरिकेचा मोठा नट व दिग्दर्शक. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, त्याने हॉलिवूडमध्ये तंबू ठोकून सैनिकांसाठी फुकट जादूचे खेळ केले. करवतीच्या पेटीत रिटा हेवर्थ होती. तिच्या चित्रपट कंपनीने तिला मनाई केल्यावर मार्लीन डीट्रिश त्या पेटीत शिरली. त्या काळच्या दोन सर्वांत नामांकित नट्या. वेल्स १९८५ मध्ये वारला, आणि जादूचा नाद त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. हे मी भाऊंना सांगितले तेव्हा त्यांनी वेल्सविषयी काहीच विचारले नाही. तंबूजवळ झाडे होती का, एवढेच विचारले.

नट्यांची नावे मी मुद्दाम घेतली. आपल्या पेटीतही एक बाई होत्या, आणि त्यांचे नाव कोणत्याही हँडबिलावर कधी छापले गेले नाही. त्या नागपूरहून हंगामापुरत्या येत, नाटकात मोलकरणीची किंवा नायिकेच्या मैत्रिणीची कामे करीत आणि मधल्या पंधरा मिनिटांत पेटीत निजत. त्या खेळातले बहुतेक काम करवत चालवणाऱ्याचे नसून आत असणारीचे असते, याहून अधिक मी लिहिणार नाही. पौषातील थंडीत एका रात्री आत त्यांच्या पायात वांब आली. बाहेर भाऊंचे बोलणे चालू होते, लोक हसत होते, आणि आतून दोनदा बारीक ठोका आला, जो फक्त भाऊंना व मला कळला. भाऊंनी पुढचा सगळा विनोद गाळला, करवत भराभर फिरवली आणि पेटी उघडली. बाई हसत उठल्या, वाकून नमस्कार केला, विंगेत आल्या आणि मातीवर कोसळल्या. तिसऱ्या अंकात त्या पुन्हा मोलकरीण होऊन रंगमंचावर होत्या. विंगेतून मला सर्वच दिसत असल्याने पेटीचे रहस्य मलाही ठाऊक आहे. सत्तावीस वर्षांत मी ते घरीसुद्धा सांगितले नाही, आणि माझ्या पत्नीने दहाव्या वर्षी विचारणे सोडले. पण माझे मौन फुकटचे होते. त्या बाईंनी त्याची किंमत गुडघ्यांनी चुकवली आहे.

म्हणून माझी विनंती अशी की पेटीचे काय करायचे हे मंडळाने, कंपनीने किंवा मी ठरवू नये. भाऊंच्या घरच्यांनी पेटी मंडळाकडे सोपवली, हे खरे; तरी त्या पेटीवर हयात असलेल्यांपैकी कोणाचा हक्क असेल तर तो त्या बाईंचा. त्यांना पटाच्या रात्री सन्मानाने बोलवावे, नटेश्वराच्या पूजनाला लोकप्रतिनिधींच्या आधी उभे करावे, हँडबिलावर भाऊंच्या नावाखाली त्यांचे नाव छापावे आणि पेटी बंद स्थितीत त्यांच्या स्वाधीन करावी. मग त्यांनी ती कोणा शिकू इच्छिणाऱ्याला द्यावी, घरी न्यावी किंवा चुलीत घालावी. सीन-सिनेरी ओढणाऱ्या पोरांपैकी एक जण दोन वर्षांपासून नाणे बोटांवर फिरवतो, हे मी पाहिले आहे. अजून ते करंगळीपाशी खाली पडते. त्याला पेटी द्यावी असे मी सुचवीत नाही, फक्त तो आहे हे बाईंच्या कानावर घालीन.

वडशाच्या कंपनी चालकांकडेही एक मागणे आहे. पहिल्या व दुसऱ्या अंकाच्या मधली पंधरा मिनिटे निदान या एका रात्री लावणीच्या आधी मोकळी ठेवावीत. त्यात कोणी जादू करावी असे नाही. ऑर्गनवाल्याने भाऊंच्या वेळी वाजवायची ती चाल वाजवली तरी चालेल. आपल्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी झाडीपट्टीचा झेंडा उंच झाला म्हणून फटाके उडवले. तो मान मोठ्या भूमिकांबरोबर मधल्या वेळात उभे राहणाऱ्यांचाही होता, असे मी समजतो.

बाईंचा पत्ता माझ्याजवळ आहे. त्या आता सत्तरीपलीकडे असून त्यांना बांबूच्या उभ्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे डेकोरेशनवाल्यास सांगून डाव्या विंगेच्या बाजूने मातीचा उतार करून घ्यावा लागेल. मंडळाचा होकार आल्यास त्यांना आणायला मी स्वतः नागपूरला जाईन. नागभीडची छोटी गाडी २०१९ पासून बंद असल्याने बसने जाऊन-येऊन दोन दिवस मोडतील, तेव्हा निर्णय पटाच्या निदान आठ दिवस आधी कळवावा. हँडबिल छापायला जाण्यापूर्वी त्याचा दुरुस्त नमुना मला दाखवला तर शुद्धलेखनही पाहून देईन. ‘स्मृती’ हा शब्द त्यात दोन ठिकाणी चुकला आहे.

आपला नम्र,
मंडळाचा जुना प्रॉम्प्टर